ताईच्या मुठीचा पाना

नेरळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावर एक पाना पडला आहे. वीतभर लांब, दोन्ही टोकांना तोंड असलेला, मधल्या भागावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेला. रबर पार तडकलं आहे. हात लावला की बोटांना काळी पूड लागते. उद्या दसरा. उद्या सकाळी हा पाना घेऊन मला कळंबजवळच्या आमच्या माहेरच्या घरी जायचं आहे आणि माझ्या थोरल्या बहिणीला, कुंदाताईला, तो परत करायचा आहे. चाळीस वर्षांपूर्वी मी तो तिच्याकडून चोरला होता. आणि खरं सांगू? मला तो द्यायचा नाही.

नाकाशी धरला की त्याला अजून वास येतो. थोडा रॉकेलचा, थोडा जुन्या वंगणाचा, आणि त्याच्या खाली कुठेतरी भाताच्या तुसाचा. तुसाचा वास का येतो ते फक्त मला ठाऊक आहे. म्हणजे परवापर्यंत फक्त मलाच ठाऊक होतं.

आमचे वडील, आबा, यांनी घाटावरून एक वापरलेला ट्रॅक्टर आणला तेव्हा मी दहा-अकराची असेन आणि ताई चौदा-पंधराची. आम्हाला भाऊ नाही. ट्रॅक्टर लाल होता, पण तो लाल रंगही कुणीतरी वापरून झालेला होता. गोठ्याच्या शेजारी पत्र्याची शेड घातली. त्या शेडचा वास मी आजही डोळे मिटून ओळखेन. एका बाजूने शेणाचा आणि कडब्याचा, दुसऱ्या बाजूने डिझेलचा, आणि मधे तापलेल्या लोखंडावर पाणी पडलं की येतो तो. बैलांना आधी ते आवडलं नाही, मग सवय झाली. मला सवय झाली नाही. कारण आबा संध्याकाळी शेतावरून आले की आधी शेडमध्ये जात, आणि शेडमध्ये ताई असे.

ताईला कान होता. इंजिन सुरू झालं की ती मान जरा तिरकी करून ऐकायची. आबा तिला विचारायचे, "कुंदे, काय म्हनतोय गं आज?" आणि ती म्हणायची, "आज घसा बसलाय त्याचा, आबा. हवा घेतोय कुठून तरी." मग दोघं मिळून ती हवा शोधत. जेवताना तेच बोलणं. भाताच्या वाफेत, सुकटीच्या वासात, नळी आणि चाळणी आणि पट्टा. मी वर्गात पहिली यायचे. आबा गुणपत्रिकेवर अंगठ्याएवढी सही करायचे आणि म्हणायचे, "चांगलं हाय." आणि पुन्हा ताईकडे वळायचे.

आषाढात चिखलणीला ताई ट्रॅक्टरवर बसे. आबांचा जुना सदरा, ओचा खोचलेला, डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं. मागे चिखल उसळायचा, त्यामागे बगळ्यांची रांग. शेजारपाजारचे लोक बांधावर थांबून बघत. "आबाची कुंदी बग रं, कशी वळवतीय!" मी भाकऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन त्याच बांधावर उभी असायचे. मला बीजगणित येतं हे बघायला आमच्या गावात कधी कुणी बांधावर उभं राहिलं नाही. माझ्या पोटात दुखायचं. नुसतं म्हणायला नव्हे, खरंच दुखायचं. आईला वाटे जंत झालेत, आणि ती मला वावडिंगाचा काढा द्यायची.

आणि मग हा पाना. एका दुपारी आबांनी ताईला म्हटलं, "मूठ आवळ बगू यावर." तिने आवळली. आबांनी कोळशाने दोन्ही बाजूंना खूण केली आणि तेवढ्याच मापाचं रबर सायकलच्या फाटक्या ट्यूबमधून कापून घट्ट गुंडाळलं. हात सटकू नये म्हणून. तिच्या मुठीएवढंच, बोटभरही जास्त नाही. मीही माझी मूठ पुढे केली होती. आबा हसले. "तुजं काय काम हाय गं तिथं? तू शाळंत जा." ते रागाने बोलले नाहीत. रागाने बोलले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

इंजिनाच्या पोटाशी, खालच्या बाजूला, पाणी सोडायचा एक छोटा पितळी नळ असतो. इंजिन ज्या पाण्याने गार राहतं ते त्यातून काढून टाकता येतं. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी आबा ते जुनं पाणी सोडत. गंजाचं, चहाच्या रंगाचं पाणी भळाभळा यायचं आणि ओल्या लोखंडाचा वास अंगणभर पसरायचा. दोनदा विहिरीचं पाणी घालून धुवायचं, मग तिसऱ्यांदा भरायचं, आणि नळ बंद करायचा. नळ बंद करायचं काम ताईचं. आबांचा नियम होता, "पितळंला दोन बोटं पुरं. पाना लावायचा नाय." पितळ मऊ. दोन बोटांनी बंद होत नसेल तर आत कचरा आहे असं समजायचं, जोर लावायचा नाही. ताईची दोन बोटं बरोब्बर तिथे थांबायची जिथे थेंब थांबतो.

दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा, आणि पूजेनंतर नवं बांधायचं. आमच्याकडे दारावर, गाडीवर, अवजारांवर नव्या भाताच्या लोंब्या, झेंडू आणि आंब्याची पानं बांधतात, त्याला नवं म्हणतात. दारावरचं आई बांधे. ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवरचं, तो आला तेव्हापासून, ताई. ओल्या लोंबीला दुधासारखा वास असतो. ती जुडी बांधताना ताईच्या बोटांना तो लागायचा, आणि मी दिवसभर तिच्यापासून लांब बसायचे.

त्या वर्षी मी पंधरा वर्षांची होते. दसऱ्याच्या आदल्या दुपारी सगळी कामं उरकून घर झोपलं होतं. मी ताईच्या अवजारांच्या खणातून हा पाना घेतला आणि ट्रॅक्टरखाली सरपटत गेले. माझा बेत साधा होता. तो नळ मी जरासा सैल करणार होते. रात्रभर थेंब थेंब गळून सकाळी पूजेच्या वेळी खाली डबकं झालं असतं आणि आबा चारचौघांत म्हणाले असते, कुंदे, नळ नीट बंद नाय केलास. बस, एवढंच हवं होतं मला. एकदाच.

पण नळ कुठल्या बाजूला सैल होतो हे मला माहीत नव्हतं. ताईला झोपेतही माहीत असेल. मी उताणी पडून, डोक्यावर इंजिन, डावं-उजवं सगळं उलटसुलट झालेलं, आणि मी लावला जोर. हलेना. मग दोन्ही हातांनी. पितळ आधी किंचित वळलं, मऊ पडलं, आणि मग ‘टक्’ झालं. अर्धा नळ माझ्या छातीवर पडला आणि ते सगळं नवं, गार, विहिरीचं पाणी माझ्या तोंडावर. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी पाना उचलून पळाले आणि तो तुसाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून पुरला. केस पुसले. पडून राहिले.

आबांनी नळाचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "पाना लावलास ना?"

"नाय आबा. दोनच बोटं लावली."

"मंग पाना कुटं हाय?"

पाना खणात नव्हता. ताईने सगळीकडे शोधला. शोधता शोधता तिचा चेहरा बदलत गेला. मी तो बदलताना पाहिला. आधी तिला खात्री होती, मग थोडी कमी, मग तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. आबा ओरडले नाहीत. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "हात जड हाय तुजा. मला वाटलं व्हतं हलका हाय." तेवढंच.

दहिवलीहून मिस्त्रीचाचा आले. अडकलेला तुकडा काढायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी त्या भोकात सागाची तासलेली खुंटी ठोकून बसवली. लाकूड पाण्याने फुगतं आणि धरतं. तरी गळायचंच थोडं. खाली डालड्याचा रिकामा डबा ठेवला होता आणि त्यात टप्... टप्... असा आवाज यायचा. मी अभ्यासाला बसले की तो बरोबर माझ्या कानात पडायचा. कितीतरी वर्षं.

दुसऱ्या दिवशी पूजेला आबांनी मला हाक मारली. "सुमे, ये. नवं आज तू बांद." मी बांधलं. माझी गाठ पहिल्याच वळणाला सुटली आणि लोंब्या चिखलात पडल्या, पण मी बांधलं. ताई दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघून हसली. खरंखुरं, लहान बहिणीकडे बघून हसतात तसं. तिच्या त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर ताईने ट्रॅक्टरला हात लावला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, खालापूरला. तिथेही ती सगळ्यांची लाडकी. सासू आजारपणात लेकीला सोडून तिला हाक मारायची. तिच्या हातची तांदळाची भाकरी चंद्रासारखी गोल आणि माझी नकाशासारखी. तिच्या लोणच्याला तीन गावांतून मागणी. मी बँकेत नोकरी केली, नेरळला दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि तिच्या घरून दर वेळी पोटात दुखणं घेऊन परतले. पण मी एक पाहत होते, आणि फक्त मीच पाहत होते. ताई लोणच्याच्या बरणीचं झाकण कधी स्वतः लावायची नाही. गॅसचा रेग्युलेटर नवऱ्याला लावायला सांगायची. मिक्सरचं भांडं, शिलाई मशीनचा स्क्रू, नातवाच्या सायकलचं चाक. "तू लाव रं. माजा हात जड हाय, मोडंल." हसत म्हणायची. घरातल्यांना ती तिची एक गंमत वाटे. मी तिथे बसून तिचं लोणचं खायचे.

आई गेली, मग आबा गेले. ट्रॅक्टर शेडमध्ये सहा-सात वर्षं उभा. शेजारची जमीन रिसॉर्टला गेली. त्यांच्या मॅनेजरने ट्रॅक्टर मागितला. फाटकाशी उभा करू, रंगवू, बॉनेटमध्ये फुलझाडं लावू, पाहुणे फोटो काढतील. मी लगेच हो म्हटलं. तो पितळेचा तुकडा पोटात घेऊन तो ट्रॅक्टर एकदाचा फुलझाडांची कुंडी व्हावा, असं मला मनापासून वाटत होतं. ताई म्हणाली, "चालू झाला तर द्यायचा नाय. माजा पोरगा त्याच्यावर आपली शेती करंल. नाय झाला तर ने म्हनावं." शब्द ठरला. दसऱ्यानंतर ते क्रेन आणणार.

मिस्त्रीचाचांचा मुलगा हनीफभाई आता स्वतःच साठीचा आहे. त्याने येऊन बॅटरी, नळ्या, गाळण्या सगळं केलं. राहिला फक्त तो नळ. खुंटी सुकून आकसली होती, पाणी टिकेना. तुकडा काढून नवा नळ बसवणं भाग होतं. आणि त्याच आठवड्यात हनीफभाई मोटरसायकलवरून घसरला. परवा आला तो उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन. ताई ट्रॅक्टरसाठी माहेरी येऊन राहिलेली, तिचा मुलगा खोपोलीला कामावर. शेडमध्ये आम्ही तिघंच.

"कुंदाताई, तुमी करा. मी सांगतो," हनीफभाई म्हणाला.

"नको रं बाबा. माजा हात जड हाय. आदीच मोडलेला हाय मी एकदा."

"मंग तर तुमीच काडा. ज्यानं मोडला त्यानंच काडावा."

हे तो सहज, माझ्याकडे न बघता म्हणाला. मी टॉर्च धरून उभी होते आणि प्रकाश हलला. "सुमे, नीट धर गं," ताई म्हणाली आणि खाली तरट टाकून आडवी झाली. साठीला आली तरी झाली.

खुंटी पक्कडीने ओढताच निघाली. आत पितळेचं कडं दिसत होतं, हिरवट, इंजिनाच्या ओतीव लोखंडात रुतून बसलेलं. ड्रिल लावायचं नाही, हनीफभाईने सांगितलं. पितळ मऊ, ड्रिल भरकटलं तर लोखंडाचे आटे खाऊन टाकेल, मग इंजिन भंगारात. त्याने करवतीचं एक बारीक पातं दिलं, एका टोकाला चिंधी गुंडाळलेलं. कड्याच्या आतून एक चीर पाडायची. "पिवळी पूड येईल तवर पितळ. काळी आली की लोखंड लागलं, लगेच थांबायचं. सुमनताई, तुमी पुडीवर नजर ठेवा. काळं दिसलं की वरडा."

ताईने पातं आत घातलं.  मग तिने मान जरा तिरकी केली. चाळीस वर्षांनी मी तिची मान तशी तिरकी झालेली पाहिली. पातं पुढे-मागे होऊ लागलं, एक बारीक, गोडसर आवाज येऊ लागला आणि तरटावर पिवळी पूड पडू लागली, हळदीच्या चिमटीसारखी. मी पुडीकडे बघत होते. पिवळी, पिवळी, पिवळी. आणि मग एक काळा कण.

मी ओरडले नाही. खोटं कशाला सांगू? एक श्वासभर मी गप्प राहिले.  आणि तेवढ्यात पातं थांबलंच होतं. "आवाज बदलला," ताई खालून म्हणाली. "लोखंडाला लागलं वाटतं."

हनीफभाईने डाव्या हाताने पूड चिमटीत घेतली, बघितली आणि म्हणाला, "ताई, हा हात जड कुनी सांगितला तुमाला?"

मग जुन्या कानशीचं, मूठ बसवतात ते निमुळतं चौकोनी टोक कड्यात हलकेच ठोकलं. "आता डावीकडं फिरवा. सोडायचं म्हंजे डावीकडं." ताईने फिरवलं. काही नाही. पुन्हा थोडं रॉकेल, पुन्हा वाट. मग एक बारीकशी कुरकुर, आणि तो तुकडा निघाला. बांगडीच्या काचेएवढा. ताईने तो तळहातावर घेतला. तो पिळवटलेला होता, ओल्या फडक्यासारखा. "बगा की भाई," ती म्हणाली, "किती आवळला व्हता मी. आबा बरोबर म्हनत व्हते."

"ताई," मी म्हणाले, "तो मी मोडला."

सगळं सांगितलं. खण, दुपार, उताणं पडणं. सैल करून तिला बोलणी खायला लावायची होती हेही सांगितलं. चाळीस वर्षं या क्षणासाठी मी रडू साठवून ठेवलं होतं. ती ओरडेल, मी रडेन, मग ती मला जवळ घेईल, असं काहीतरी. ताई तरटावर उठून बसली. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. तिने स्वतःचा उजवा हात वर धरला, पालथा केला, सुलटा केला. आणि हनीफभाईला म्हणाली, "भाई, माजा हात जड नव्हता."

"मी तेच बोललो की."

मग ती माझ्याकडे वळली. "सैल करायचा व्हता आनि आवळलास? अगं सुमे, उलटा फिरवलास तू!" आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता मधेच थांबली, तुकड्याकडे पाहिलं, म्हणाली, "आबा गेले गं. त्यांना नाय कळलं."  

नवा नळ तिने दोन बोटांनी बसवला. पाणी भरलं. आम्ही तिघं वाकून बसलो. थेंब आला नाही. ट्रॅक्टर तिसऱ्या प्रयत्नाला खोकला, काळा धूर सोडला आणि चालू झाला, आणि पत्र्याची शेड सगळी थरथरू लागली. ताई तशीच घरात गेली. मी मागोमाग. तिने स्वयंपाकघरातला गळका नळ बंद केला. कुकरचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट फिरवलं आणि बरणी उलटी करून पाहिली. एखाद्या मुलीसारखी घरभर फिरत होती ती, आणि मी तिच्या मागे हातात विझलेला टॉर्च घेऊन. माझ्या मनात काय होतं? जळत होतं. मी चाळीस वर्षं जे ओझं वाहिलं ते तिने एका वाक्यात उतरवलं, पण स्वतःचं. माझं माझ्याकडेच राहिलं. गुन्हा कबूल केला मी आणि सोनं झालं तिचं.

निघताना ती दारात आली. "पाना कुटं टाकलास गं त्या टायमाला?"

खोटं बोलता आलं असतं. "तुसात पुरला होता. आता माझ्याकडं आहे. नेरळला."

तिचा चेहरा तेव्हा बदलला. एवढ्या सगळ्यात तेव्हाच. "आबांनी रबर बांदलेला? हाय अजून?" तिने माझा हात धरला, जोरात. "दसऱ्याला घिऊन ये. पूजंत ठेवू. माजा पाना हाय तो."

तिचा आहे. माहीत आहे मला. माझ्या लग्नात मी तो तुसातून काढून साड्यांच्या घडीत लपवून आणला होता. आबांची माझ्याकडे एवढीच वस्तू आहे, आणि तीही माझ्यासाठी केलेली नाही. घरात कुणी नसताना कितीदा तरी मी तो काढून रबरावर मूठ आवळून पाहिली आहे. माझं शेवटचं बोट नेहमी बाहेर, गार लोखंडावर पडतं. आत्ताही पडलं.

उद्या मी तो देणार आहे. साठीच्या उंबऱ्यावर ताईची बोटंही सुजली आहेत, पेरं जाड झाली आहेत. उद्या ती सगळ्यांसमोर पाना हातात घेईल आणि त्या रबरावर मूठ आवळेल. आता तिचीही बसू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि बसेल, हे मला माहीत आहे.